यादीबाहेरची चतकोर

सोमवार, १२ सप्टेंबर

ग्रेटानं आज भिंतीवर तक्ता लावला. कुणी दिवसाला किती याद्या केल्या, ते रंगीत पेनानं. माझ्या नावापुढे नऊ. त्या नव्या मुलीच्या नावापुढे एकवीस. ग्रेटा आमची मुख्य फार्मसिस्ट, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नोरीन, तू पेशंटशी गप्पा मारत बसतेस."

गप्पा! इमर्जन्सीत माणूस येतो, तो घरी कुठली औषधं घेतो, किती, शेवटची कधी घेतली, हे कुणीतरी विचारून लिहायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. डॉक्टर नाही, नर्स नाही, फार्मसिस्टसुद्धा नाही. फार्मसी टेक्निशियन. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांच्या तोंडी "ती गोळीवाली बाई."

आज एक म्हातारी आली. काही औषधं घेता का? नाही. डोळ्यात काही घालता? नाही. अंगाला काही लावता, चिकटवता? नाही. मग फ्रिजमध्ये काही ठेवलंय का? — "हो, ते इन्सुलिन आहे की. पण ते औषध थोडंच, ते टोचायचं असतं." तिच्यानंतर एक गृहस्थ, मेलेल्या भावाच्या हृदयाच्या गोळ्या संपवतायत. "चांगल्या गोळ्या, फेकून कशा द्यायच्या?" औषधांच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर यातलं काहीही दिसत नाही. ती एकवीसवाली पोरगी दुकानाची यादी उतरवते आणि मोकळी होते. तिला तक्त्यात शाबासकी.

दोन्ही मी नीट लिहिलं. डॉक्टरनं फोनवर बोलता बोलता "सर्व चालू ठेवा" हे बटण दाबलं. मेलेल्या भावाच्या गोळ्यासुद्धा चालू! मी धावत जाऊन सांगितलं तर म्हणाला, "बरं बरं." आभार नाहीत.

नऊ वर्षं झाली. माझी यादी कुणी वाचल्याचं मला तरी माहीत नाही.


मंगळवार, १३ सप्टेंबर

आज सात. ग्रेटा तक्त्यापाशी उभी राहून नुसती पेनाचं टोपण लावत-काढत होती.


बुधवार, १४ सप्टेंबर

आज ओरिन टीपल आला. शर्यतीचे घोडे तयार करणारा. एकाहत्तर वर्षांचा, पण अजून स्वतः घोड्याला जोडलेल्या दोनचाकी गाडीवर बसून शर्यतीत घोडा पळवतो. सोबत बायको, मॅक्सीन. ओरिनला चार दिवस ताप, घसा इतका सुजलेला की थुंकी गिळवत नाही, आणि तोंड आलेलं — जीभ, गाल, ओठाच्या आत सगळीकडे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरनं घशाचं इन्फेक्शन म्हणून भरती केलं.

मला बघून त्याचा चेहरा उजळला. "ही डिकची पोरगी ना? तुझ्या बापानं माझ्या पहिल्या घोडीला नाल ठोकली होती." मग हळू आवाजात, "तुलाच सांगतो हं सगळं. त्या आतल्या पोरट्या डॉक्टरला नाही सांगणार. माझ्या बुटांचा वास आल्यापासून त्याचं नाक वर आहे."

हे मला नेहमीचं. घोडेवाले डॉक्टरांना काही सांगत नाहीत, मला सांगतात. तबेल्यात वाढल्याचा एवढाच काय तो उपयोग झाला.

मॅक्सीननं पर्समधून बाटल्या काढून रांगेत मांडल्या. ब्लडप्रेशरची एक. पोटाची एक. थायरॉइडची, जास्त चालणारं थायरॉइड दाबायची — "ही जुलैत दुप्पट केली, त्या दुसऱ्या डॉक्टरनं, फोनवरच. बाटलीवर जुनाच आकडा आहे." मी तेही लिहिलं. कुणी लिहिलं नसतं.

आणखी काही? आणि मग मॅक्सीन म्हणाली, अगदी सहज, दूध आणलं म्हणावं तसं: "आणि गार्थची चतकोर. सकाळी एक, संध्याकाळी एक. मे महिन्यापासून. कंबर धरली होती ना यांची."

गार्थ माझा भाऊ. जिल्ह्यात घोड्यांचा डॉक्टर तेवढा एकच. चतकोर म्हणजे ब्यूटच्या गोळीचा चौथा हिस्सा. ब्यूट घोड्यांना देतात, पाय सुजला, सांधा धरला की. माणसांना ते देणं कधीच बंद झालंय. पण आमच्याकडे तबेल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी घेतो. बाबा घ्यायचे. त्यात कुणाला काही वाटत नाही. गुपित आहे ते तबेल्याच्या बाहेर.

माझी बोटं की-बोर्डवर थांबली. दोन वर्षांपूर्वी गार्थनं एका मोतद्दाराला हीच गोळी दिली होती, खांद्यासाठी. तो मोतद्दार दवाखान्यात बोलला. परवाना देणाऱ्या मंडळाचं पत्र आलं — ही ताकीद, पुढच्या वेळी परवाना रद्द. ते पत्र गार्थनं माझ्या स्वयंपाकघरात बसून वाचलं होतं. त्यानंतर महिनाभर तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

आणि तरी त्यानं ओरिनला दिली. मेमध्ये.

मी लिहिलं: "आयब्युप्रोफेन, कधीमधी, कंबरदुखीसाठी."

मॅक्सीन माझ्या बोटांकडे बघत होती, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नाही. ओरिनला म्हणाली, "बघ, कशी नीट लिहून घेते. नाहीतर तिकडे कोण ऐकून घेतं?"


गुरुवार, १५ सप्टेंबर

कालचं डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकते.

ब्यूट काय, आयब्युप्रोफेन काय, दोन्ही एकाच जातीची औषधं. दुखणं आणि सूज कमी करायची. दोन्हींनी पोट बिघडतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. डॉक्टर एकासाठी जी काळजी घेईल तीच दुसऱ्यासाठी घेईल. म्हणजे मी त्याला फसवलं असं नाही. नाव तेवढं दुसरं दिलं. आणि तसंही वाचतो कोण?

गार्थला फोन केला. ओरिन भरती आहे एवढंच सांगितलं. पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "त्यानं काही सांगितलं का?" मी म्हटलं, मला सांगितलं. "आणि तू?" मी म्हटलं, मी लिहिलं नाही.

"नोरी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. रडत होता की काय कळलं नाही. मला रागच आला. मी काय त्याच्यासाठी हे आनंदानं केलं?


शुक्रवार, १६ सप्टेंबर

ओरिनच्या रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. घशाचं इन्फेक्शन नंतरचं. आधी रक्त बिघडलंय. रोगाशी लढायला अंगात कुणी उरलेलंच नाही. त्याला एकट्या खोलीत ठेवलं, दारावर पाटी, मास्कशिवाय आत नाही.

मी खाली फार्मसीत जाऊन जाडं पुस्तक काढलं. माहीत होतं तरी काढलं. ब्यूट — माणसांना देणं का बंद झालं, त्याची एकच ओळ. पांढऱ्या पेशी मारतं. क्वचित. क्वचित म्हणजे किती ते लिहिलेलं नाही.

पुस्तक हातातच होतं आणि फोन वाजला. डॉ. फेल्ड. रक्ताच्या डॉक्टर, बुधवारी आणि शुक्रवारी कोलंबसहून येतात. फोनवर पहिलं वाक्य — "टीपलांची औषधांची यादी कुणी केली?"

मला वाटलं, संपलं.

"मी केली."

"उत्तम केलीत. थायरॉइडची गोळी जुलैत दुप्पट झाली हे दुकानाच्या नोंदीत नाही, बाटलीवर नाही, जुन्या कागदांत नाही. फक्त तुमच्या यादीत आहे. त्या गोळीनं पांढऱ्या पेशी अशाच जातात, आणि डोस वाढवल्यावर जातात. बंद केलीय. आठ-दहा दिवसांत पेशी परत यायला हव्यात. हे तुमच्यामुळे सापडलं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी यादी शेवटपर्यंत वाचली. हीच वाचायची होती!

पण थायरॉइडची गोळीच असेल. का नसेल? पुस्तकात तिच्यापुढेही तीच ओळ आहे, आणि तिथे "क्वचित" हा शब्दसुद्धा नाही. चोर सापडलाय. मग मी दुसरा कशाला हुडकून देऊ?


शनिवार, १७ सप्टेंबर

जत्रेत गेले होते. दर वर्षी जाते. गार्थ शर्यतीच्या कुंपणापाशी उभा, घोड्यांचे पाय तपासत. मला बघून आला. आम्ही कागदाच्या ताटलीत साखर पेरलेलं तळण घेतलं आणि बाकावर बसलो.

मी म्हटलं, थायरॉइडची गोळी निघाली. तो म्हणाला, "हो?" आणि मग हळूहळू त्याचे खांदे खाली आले. तो किती ताठ बसला होता ते तेव्हा कळलं.

त्यानं ओरिनबद्दल विचारलं. जेवतो का, बोलतो का. मला ते बरं वाटलं. मग म्हणाला, "मेमध्ये त्याच्या अंगणात उभा होतो, त्याला गाडीवरून उतरता येत नव्हतं. मॅक्सीन रडत होती. काय करणार होतो मी?"

डॉक्टरकडे जा म्हणून सांगणार होतास. एवढं करता आलं असतं. मी बोलले नाही. तळण सगळं संपवलं.


सोमवार, १९ सप्टेंबर

ओरिनच्या पेशी होत्या तशाच. वेळ लागतो.

सकाळी ग्रेटानं सगळ्यांना गोळा करून फेल्डचं पत्र वाचून दाखवलं. "टेक्निशियननं नीट घेतलेली औषधांची माहिती माणसाचा जीव कसा वाचवू शकते, याचं हे उदाहरण." टाळ्या. तक्त्यावर माझ्या नावापुढे सोनेरी चांदणी चिकटवली. शाळेतल्या पोरांच्या वहीत असते तशी. नव्या मुलीला म्हणाली, "आकडाच सगळं नसतं, नोरीनकडून शीक."

मागच्या सोमवारी हीच बाई मला गप्पिष्ट म्हणाली होती. मला कुणाचाच राग येईना. सगळा माझ्याकडेच वळत होता, म्हणून मी तक्त्याकडे पाठ करून काम केलं.

दुपारी नव्या मुलीनं विचारलं, "तुम्ही लोकांकडून एवढं कसं काढून घेता?" मी म्हटलं, त्यांना वाटलं पाहिजे की तुम्ही त्यांच्यातल्याच आहात. तिनं ते वहीत लिहून घेतलं.


बुधवार, २१ सप्टेंबर

फेल्ड स्वतः तळघरात आल्या. डॉक्टर आमच्या तळघरात कधी येत नाहीत. त्यांना जिना सापडेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. उंच, करड्या केसांच्या, हातात माझी यादी छापलेली. कडेला पेन्सिलीनं खुणा.

म्हणाल्या, "गोळी थांबवून पाच दिवस झाले, पेशी तसूभर हलल्या नाहीत. थायरॉइडची गोळी असती तर आता काहीतरी दिसायला हवं होतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघतेय. काही राहून गेलं का? झाडपाला, शेजाऱ्याकडची गोळी, शेतावरचं फवारणीचं काही?"

मी विचारलं, तुम्ही त्यांना विचारलंत का?

"तो तापात आहे, शब्द जुळत नाहीत. बायकोला विचारलं. ती म्हणाली, सगळं नोरीनला सांगितलंय, तिनं सगळं लिहून घेतलंय. दोनदा विचारलं, दोनदा हेच." मग थोडं हसून, "तुमच्यावर इतका विश्वास आहे की मलाही तिला तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली."

त्या उभ्याच होत्या. मी खुर्ची दिली नाही. माझ्या मागे फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली.

"आणखी काही आहे?"

हा माझा प्रश्न. हजार वेळा विचारलाय मी. विचारून गप्प कसं बसायचं, हेही मला माहीत आहे, कारण गप्प बसलं की लोक बोलतात. त्याही गप्प बसल्या.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी यादीची घडी घातली, मान हलवली, आणि जिना कुठल्या बाजूला ते विचारून गेल्या.

चौदा तारखेला मी एक नाव बदललं होतं. आज मी तोंडावर खोटं बोलले. पहिलं भावासाठी होतं. आजचं कुणासाठी? खरं सांगायचं तर आज गार्थ डोक्यातही नव्हता. ती सोनेरी चांदणी होती आणि त्या बाईंच्या कडेच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला कामाची समजलं होतं आणि ते मला सोडवेना. शी!


गुरुवार, २२ सप्टेंबर

एकही यादी धड झाली नाही. प्रत्येकाला विचारत राहिले, आणखी काही? आणखी काही? शेवटी एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, काय काढायचंय तुम्हाला माझ्याकडून?"


शुक्रवार, २३ सप्टेंबर

फेल्डनी आज ओरिनच्या कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा काढली. दुसरा मोठा आजार आहे का ते बघायला. रक्ताचा कॅन्सर हा शब्द वॉर्डात फिरतोय. मॅक्सीनपर्यंतही गेलाय.

मी गेले. मास्क, गाऊन, हातमोजे. ओरिनला आज ताप जरा कमी होता, शुद्धीवर होता. ओठ काळे पडलेत. बोलताना एकेका शब्दामागे थांबतो. मला ओळखलं.

"भोसकलं गं मला," म्हणाला. "गार्थनं घोड्याला... याहून हलक्या हातानं भोसकलं असतं."

मॅक्सीन हसली आणि डोळे पुसले. ती रोज सकाळी सात वाजता येते, संध्याकाळी आठला जाते. इतकी बारीक दिसत होती की गाऊनच्या बाह्या तिनं चारदा दुमडल्या होत्या. मला दाराशी घेऊन म्हणाली, "मला खरं सांग, तू आपली आहेस. कॅन्सर आहे का?"

मी म्हटलं, तपासतायत.

"पण कशानं झालं हे? मे महिन्यात तर कंबर सोडली तर काही नव्हतं."

मे महिना तिच्याच तोंडून आला. मी पुढे काही म्हणण्याआधी ओरिननं खुणेनं बोलावलं. मनगट धरलं — हातमोज्यावरूनसुद्धा चटका बसेल इतका हात तापलेला. त्याला त्याच्या घोडीबद्दल बोलायचं होतं. तीन वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा पळायची होती. तिला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, दुसरा माणूस लगाम ओढत राहतो. एवढंच दोनदा सांगितलं.

तिथेच बोलता आलं असतं. खोलीत तिघंच होतो. तोंडावर मास्क असला की माणसाला गप्प राहणं किती सोपं जातं.


रविवार, २५ सप्टेंबर

गार्थकडे गेले. त्याची बायको चर्चमधून यायची होती. तो त्याच्या घोड्यांच्या दवाखान्याच्या शेडमध्ये औषधांच्या कपाटाशी बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं — ओरिनच्या पेशी आल्या नाहीत, आता कॅन्सर शोधतायत, हाडातून मज्जा काढलीय. मी सांगणार आहे.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. मला समजावू लागला, आजारी जनावराशी बोलतो त्या आवाजात. म्हणून जास्त राग आला.

"सांगून त्याचं काय भलं होणार? तू नीट विचार कर. तो दवाखान्यात जाऊन अकरा दिवस झाले. आता घेतोय कुठे तो? जे अंगात होतं ते निघून गेलं असणार. आता तू सांगितलंस तरी त्याला द्यायचं वेगळं औषध आहे का काही? नाही. फक्त माझं वाटोळं होईल."

हे सगळं मी स्वतःशी अकरा दिवस म्हणतेय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किती नागडं वाटलं.

मी म्हटलं, निदान त्या मॅक्सीनला कळेल तरी. निदान सुया टोचणं थांबेल. आणि तुझं वाटोळं तू मेमध्ये करून घेतलंस, मी फक्त लपवलं.

त्यानं हातातली बाटली कपाटात ठेवली. मग म्हणाला, "तू तुझीही नोकरी घालवणार."

हो.

"पुन्हा कुठे मिळणार नाही."

हो.

"मग मला दोन दिवस दे. बायकोला माझ्या तोंडून कळू दे. हे कपाट आवरतो. बुधवारी सांग, फेल्ड येतील तेव्हा." आणि मग, "नोरी, बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं आहे. बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते, तो बावीस. त्यानं शिक्षण दोन वर्षं लांबणीवर टाकलं, मला सकाळी शाळेला सोडायचा, माझी करपलेली अंडी न बोलता खायचा. त्याचं ऋण आहे माझ्यावर, आणि तो ते कधी बोलून दाखवत नाही. आज दाखवलं.

दोन दिवसांनी असा काय फरक पडणार? अकरा गेले तिथे दोन. मी बरं म्हटलं.

घरी येऊन पुढे काय करायचं ते ठरवलं. बुधवारी दहा वाजता फेल्ड वॉर्डात येतात. तिथेच गाठायचं. ग्रेटाला नंतर. मॅक्सीनला मी स्वतः सांगणार, दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. ती थोबाडीत मारेल तर मारू दे.

कितीतरी दिवसांनी नीट जेवले.


सोमवार, २६ सप्टेंबर

हाडाच्या मज्जेत कॅन्सर नाही. रिपोर्ट आला. वॉर्डातल्या नर्सनं मला आनंदानं सांगितलं. "मग आहे तरी काय?" असंही म्हणाली.

फेल्डना कोलंबसला फोन करता आला असता. नंबर समोर होता. गार्थला बुधवार म्हटलंय.


मंगळवार, २७ सप्टेंबर

ओरिनला आज सकाळी अतिदक्षता विभागात हलवलं. इन्फेक्शन रक्तात उतरलंय.

गार्थचा फोन आला. "बायकोला सांगितलं," म्हणाला. "आता तू सांगायला मोकळी आहेस." आवाज थकलेला. मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल.

उद्या घालायचे कपडे काढून ठेवले. बाबांच्या अंत्यविधीला घातलेला कोट अजून बसतो. तो नको. साधाच युनिफॉर्म घालीन. शेवटचा दिवस असेल तर त्यातच असू दे. बोलायचं पहिलं वाक्य पाठ केलंय: "मी तुम्हाला दोनदा खोटं सांगितलं." त्यापुढचं आपोआप येईल.


बुधवार, २८ सप्टेंबर

ओरिन पहाटे गेला.

फेल्ड यायच्या आधी मॅक्सीन भेटली, लिफ्टपाशी, हातात त्याच्या बुटांची पिशवी. माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आपण काही कमी केलं नाही गं. थायरॉइडची त्यांनी बंद कर म्हटलं, बंद केली. बाकीच्या नर्स द्यायच्या. गार्थची चतकोर काही त्यांच्याकडे नसायची, म्हणून ती मी घरून आणायचे. सकाळ-संध्याकाळ. गिळवेना तेव्हा कुटून आइस्क्रीममध्ये घातली. परवा संध्याकाळपर्यंत दिली, एक वेळ चुकू दिली नाही. बंद करायची असती तर सांगितलं असतं ना कुणी? तुझ्या यादीत तर होतीच ती."

मी हो म्हटलं.